चार नावं

तेवीस डिसेंबरला क्रोकविकमध्ये कोणाच्या घरी काय शिजतंय हे विचारावं लागत नाही. महिनाभर मुरवलेला पाकट मासा उकळायला लागला, की त्याचा वास नाकात सुईसारखा शिरतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. स्टेनुनने पातेलं गॅरेजमध्ये चढवलं होतं, तरी वास घरात पोचलाच होता. बरं झालं, असं तिला वाटलं. आज कोणाचे डोळे भरून आले तर निदान कारण शोधायला नको.

"बसला का तो?" तिने विचारलं.

"बसतोय कसला! तासभर तुझ्या बाबांच्या खुर्चीसमोर उभा आहे," ओद्दुर म्हणाला. तो बादलीवर वाकून बटाटे सोलत होता. "आणि तुझी आई स्वयंपाकघरात काटेचमचे पुसतेय. तेच ते, तिसऱ्यांदा."

"बोलली त्याच्याशी?"

"बोलली की. 'बूट दाराशी काढ' म्हणाली."

स्टेनुनला हसू आलं नाही. केटिल, तिचा धाकटा भाऊ, चौदा वर्षांनी नॉर्वेहून घरी आला होता. नोव्हेंबरात त्याचा फोन आला होता. "ताई, आईला भेटावंसं वाटतंय. येऊ का?" एप्रिलमध्ये बाबा गेले तेव्हा तो आला नव्हता, फक्त फुलांचं चक्र पाठवलं होतं. त्या चक्राकडे बघून स्टेनुनच्या तोंडात जे शब्द आले होते ते पाद्र्यासमोर बोलण्यासारखे नव्हते. तरी ती फोनवर "ये" म्हणाली. जानेवारीत आई घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात जाणार होती आणि हे घर बंद होणार होतं. या घरातला हा शेवटचा नाताळ. तेवढ्यात आईने एकदा त्याला जवळ घ्यावं, एवढंच स्टेनुनला हवं होतं.

"तू आईला विचारलं होतंस ना, तो येतोय म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग? काय म्हणाली?"

"पलंग आहे, म्हणाली."

ओद्दुरने एक बटाटा पाण्यात टाकला. गावातला मासळीचा कारखाना चालू होता तेव्हा तो तिथे मुकादम होता. आता उन्हाळ्यात तो पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतो आणि हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ओढतो. बापाने नावावर केलेली बोट केटिलने विकली नसती तर हे झालं नसतं, असं गाव म्हणतं. ओद्दुर म्हणत नाही. पण सकाळपासून त्याने मेहुण्याला दोनदा हात धुवायच्या निमित्ताने टाळलं होतं.

*

थोरमोदची, म्हणजे बाबांची, खुर्ची खिडकीशीच होती. तिच्या हातावरचं कातडं जिथे त्याचं मनगट टेकायचं तिथे पांढरं पडलं होतं. केटिलने त्या जागेवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"बस की मेल्या, चावणार नाही ती," बोर्गा म्हणाली. थोरमोदची ही बहीण एकोणऐंशी वर्षांची होती, आणि तिच्या तोंडाला लहानपणापासून कोणी झाकण घातलं नव्हतं. ती कोपऱ्यात मोजे विणत होती. "नॉर्वेत खायला घालत नाहीत वाटतं? नुसता सांगाडा झालायस."

"आत्या, तू मात्र होतीस तशीच आहेस."

"मी मीठ लावून ठेवलेली आहे, मला काय होतंय?"

केटिल हसला आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसला. बाहेर दुपारचा एक वाजला होता आणि निळसर उजेड होता. नोव्हेंबर ते जानेवारी या खाडीत सूर्य डोंगराच्या वर येतच नाही. खिडकीतून उतारावरचं कब्रस्तान दिसत होतं. तिथल्या प्रत्येक कबरीवर दिव्यांचा एकेक क्रूस लागला होता. केटिलने नजर लगेच आत वळवली.

स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळपासून चालू होता. आज आणि काल दिवसभर दुसरं काही नसतंच. देशभरातल्या घरांनी पाठवलेल्या शुभेच्छा निवेदिका एकामागून एक वाचत राहते, जिल्ह्याजिल्ह्यानुसार. कोण कोणाला, खाली नावं, गाव. दूर गेलेल्या माणसांना अजूनही कोणीतरी घरचं म्हणतंय, हे त्यांना असंच कळतं.

"मी तिकडे ऐकतो," केटिल म्हणाला. "कॉम्प्युटरवर. बायको म्हणते, वेडा आहेस, परक्या लोकांची नावं तासन् तास कसली ऐकतोस? तिला काय सांगणार? मी एका ओळीसाठी बसतो. 'आल्डिस, थोरमोद, स्टेनुन आणि केटिल, क्रोकविक.' तेरा वर्षं, आत्या. एकदाही चुकली नाही."

"हं," बोर्गा म्हणाली.

"बोट विकल्यावर बाबा मला धक्क्यावर म्हणाले होते, या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस. सगळ्यांसमोर. पण आईने माझं नाव कधी गाळलं नाही." त्याने आवाज खाली आणला. "त्यांच्या नाकावर टिच्चून घालायची. आईला मानलं पाहिजे."

बोर्गाच्या सुया थांबल्या. तिने चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. जी बाई जन्मात कधी वेळेवर गप्प बसली नव्हती, ती नेमकी त्या क्षणी गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला त्याबद्दल बोल लावत राहिली.

"जेवायला चला," आतून स्टेनुनची हाक आली.

*

टेबलावर पाच ताटं होती. पिवळट, वाफाळलेलं पाकट, उकडलेले बटाटे, वितळवलेली मेंढीची चरबी, राईचा काळा पाव. आल्डिस शेवटी येऊन बसली. तीस वर्षं कारखान्यात मासे कापून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकायची बंद झाली होती, त्यामुळे पळी धरताना ती कोणालातरी दम देतेय असं वाटायचं.

"घे," ती केटिलला म्हणाली आणि त्याच्या बटाट्यांवर चरबी ओतली. पाहुण्याला वाढावं तशी, मोजून आणि काठ सांभाळून.

"पुरे, आई."

"तिकडे खातात का पाकट?"

"नाही. शेजारी पोलीस बोलावतील."

ओद्दुर फिस्सकन हसला. स्टेनुनने नवऱ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. दोन घास शांततेत गेले. बोर्गाने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि यंदाचं पाकट मागच्या वर्षीपेक्षा मवाळ आहे अशी तक्रार केली. असंच संध्याकाळपर्यंत चालू दे, स्टेनुन मनात म्हणत होती.

"थांबा," केटिलने काटा खाली ठेवला. "आपला जिल्हा लागला."

आल्डिस उठली. कॉफीची किटली शेगडीवर होती, टेबलाकडे पाठ करून ती तिकडे गेली. बोर्गाला ते नवीन नव्हतं. दरवर्षी नेमक्या याच वेळी वहिनीला कॉफी आठवायची.

निवेदिकेचा आवाज एकसुरी आणि थंड होता.

"सर्व नातेवाईक आणि मित्रांना, जवळच्या आणि दूरच्या, नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा. थोरमोद गेल्यानंतर ज्यांनी आधार दिला त्यांचे मनापासून आभार. आल्डिस, स्टेनुन, ओद्दुर आणि बोर्गा, क्रोकविक."

मग दुसऱ्या कुठल्यातरी घराची नावं सुरू झाली.

केटिल अजून ऐकतच होता, जणू पुढे आणखी एक शब्द येणार होता.

"बावीस वर्षं झाली लग्नाला," ओद्दुर खालच्या आवाजात म्हणाला. "पहिल्यांदा माझं नाव लागलं, आणि ते असं."

"कोणी पाठवलं हे?" केटिलने विचारलं.

आई शेगडीपाशीच उभी होती. तिची पाठ स्टेनुनला दिसत होती, करडा स्वेटर, मानेवर आलेले पांढरे केस. आता आई बोलली तर सगळं संपेल, हे तिला लख्ख कळलं.

"मी," स्टेनुन म्हणाली. "मी पाठवलं. गडबडीत राहिलं तुझं नाव. चुकलंच माझं."

ओद्दुरने मान वर केली. संदेश कोणी पाठवला हे त्याला माहीत होतं. सासूने स्वतः फोन फिरवला होता. मी करते म्हणणाऱ्या मुलीला "मी अजून आंधळी झालेली नाही" म्हणून बाजूला सारलं होतं. बायको टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर हात दाबत होती. त्याने मान पुन्हा खाली घातली.

"राहिलं?" केटिल म्हणाला. "आत्याचं लक्षात राहिलं. नवऱ्याचं राहिलं. भावाचं तेवढं राहिलं नाही?"

"केटिल, ऐक..."

"काय ऐकू? मला वाटलं, तू 'ये' म्हणालीस म्हणजे मिटलं. म्हणजे घरी बोलवायचं, पलंग घालून द्यायचा आणि मग अख्ख्या देशाला ऐकवायचं की हा आमचा कोणी नाही! बाबांनी निदान तोंडावर सांगितलं होतं."

"बाबांचं नाव घेऊ नकोस!" स्टेनुनचा तोल गेला. "त्यांच्या मातीला आला नाहीस तू! शेवटी शेवटी मी त्यांना कडेवर घेतल्यासारखी न्हाणीत न्यायचे, तेव्हा कुठे होतास?"

"कुठल्या तोंडाने येणार होतो? पाय ठेवू नकोस म्हणालेल्या माणसाच्या शवपेटीला खांदा देऊ? त्यांनी मला मनातून कधीच काढून टाकलं होतं. मी आईसाठी जिवंत होतो, बस." तो खुर्ची सरकवून उठला आणि शेगडीकडे वळला. त्याचा आवाज एकदम खाली आला, लहानपणी यायचा तसा. "आई, तुझ्या त्या एका ओळीवर मी दिवस काढले. पहिल्या वर्षी तर मी... जाऊ दे. डिसेंबर येईपर्यंत थांबू, एवढंच म्हणायचो. नाव आलं की वाटायचं, आहे बुवा, घर आहे. ते तू जपलंस. हिने एका वर्षात पुसलं, पण तू तेरा वर्षं जपलंस."

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. स्टेनुन वाट बघत होती ते हेच. चौदा वर्षांनी मुलगा आईला धरून उभा होता. घे, आई, तिने मनातल्या मनात म्हटलं. काही बोलू नकोस. नुसतं घे.

*

आल्डिसला खांद्यावरचा हात जड वाटला. हात थोरमोदसारखाच होता, रुंद, अंगठ्याशी आखूड. ती गप्प राहिली असती तर ते सगळं तिला फुकट मिळालं असतं, मुलगा, आभार, शेवटचा नाताळ. तेरा वर्षं ती गप्पच राहिली होती, त्यामुळे आणखी एक दिवस कठीण नव्हता. पण थोरमोदच्या ताटातलं उचलून आपण खातोय असं तिला वाटलं.

"हात काढ," ती म्हणाली.

"आई?"

"स्टेनुन खोटं बोलतेय. यंदाचं मी पाठवलं. तुझं नाव मी घातलं नाही, कारण मी ते कधीच घातलं नव्हतं."

"आई, पुरे!" स्टेनुन उभी राहिली.

"तो घालायचा. तुझा बाप." आल्डिस आता मुलाकडे वळली होती. "दर डिसेंबरला या फोनपाशी उभा राहायचा आणि चार नावं सांगायचा. मी म्हणायचे, तीनच सांग. तो म्हणायचा, चार जण आहोत, चार नावं. बोर्गाला विचार."

केटिलने आत्याकडे पाहिलं. बोर्गाने मान हलवली.

"पण धक्क्यावर..."

"धक्क्यावर बोलला. रागात बोलला. दुसऱ्या दिवशी जीभ चावली, पण फोन उचलून 'चुकलो' म्हणणारा माणूस होता का तो? त्याला जमलं ते त्याने केलं." तिने किटली शेगडीवरून उतरवली. "त्याची बोट होती, त्याने माफ केलं. मी नाही केलं. त्या बोटीवर माझं नाव होतं, केटिल. लग्नाच्या वर्षी त्याने स्वतः ब्रश घेऊन लिहिलं होतं, 'आल्डिस'. तू ती दक्षिणेतल्या लोकांना विकलीस, मासे धरायच्या हक्कासकट. त्यांनी माझं नाव खरवडून काढलं आणि आपलं रंगवलं. वर्तमानपत्रात फोटो आला होता. मग कारखाना गेला. टेबलाशी माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या सगळ्या बायका गेल्या, शाळा गेली. आज नाताळच्या शुभेच्छा द्यायला गावात नऊ घरं आहेत. माझं नाव पुसू दिलंस तू. मी तुझं का घ्यावं?"

हे ती चौदा वर्षं मनात घोकत आली होती. बोलून झालं की हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही.

केटिल खाली बसला. बसताना त्याने खुर्ची पाहिली नाही, बोर्गाने ती त्याच्या खाली सरकवली.

"म्हणजे बाबा..." तो म्हणाला. "बाबांना वाटत होतं मी यावं?"

"तो म्हणायचा, ऐकत असेल तर येईल," बोर्गा म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "मागची दोन-तीन वर्षं म्हणायला लागला होता, ऐकत नसेल तो. तिकडे कुठे ऐकू येतंय आपलं. तरी नाव सांगायचा."

"पण मी कळवत होतो ना! दरवर्षी!" केटिल ओरडला. "नव्या वर्षाला कार्ड पाठवत होतो मी! 'ऐकलं. केटिल.' एवढंच लिहायचो, बाबांच्या हातात पडलं तर आईला त्रास नको म्हणून!"

"कुठली कार्डं?" स्टेनुनने विचारलं.

रेडिओवर कोणी गुड्नी आणि तिची नातवंडं सगळ्या आप्तांना शुभेच्छा देत होती. टेबलाभोवतीची तिन्ही माणसं आल्डिसकडे बघत होती, आणि थोड्या वेळाने चौथंही बघायला लागलं. ओद्दुरला जरा उशिरा उमगलं.

"आई, कुठली कार्डं?"

"माझ्या नावावर आली होती," आल्डिस म्हणाली. "टपाल मीच घ्यायचे."

"बाबांना दाखवली नाहीस?"

"पहिलं आलं तेव्हा वाटलं, एक वर्ष झुरू दे दोघांनाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता पहिल्याचं काय सांगू? मग तिसरं आलं." तिने न वाकणारी बोटं दुसऱ्या हातात धरली. "पुढे तो आजारी पडला, तेव्हा रोज सकाळी ठरवायचे. रोज. दहा कार्डं एकदम काढून त्याच्यासमोर कशी ठेवणार होते मी? त्याने विचारलं असतं ना."

"मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं," स्टेनुन म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. "केटिलचं काही आलं का? मी म्हटलं, नाही बाबा. तू तिथेच होतीस. उशाशी. मी 'नाही' म्हणाले आणि तू उशी सारखी केलीस."

बोर्गा दोन्ही हातांनी टेबल धरून उठली. "माझा भाऊ," एवढंच तिला बोलता आलं. मग तिने लोकरीचा गोळा काखेत मारला आणि ती ओद्दुरला म्हणाली, "मला घरी सोड. मला या स्वयंपाकघरात बसवत नाही."

केटिल तिच्याही आधी दारातून बाहेर पडला होता. कोट न घेता.

*

ताटं तशीच राहिली. चरबी गोठून पांढरी झाली. आल्डिसने ती उचलायला घेतली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

साडेतीन वाजले होते आणि अंधार पडला होता. खिडकीतून तिला उतारावरचे क्रूस दिसत होते, पांढरे, पिवळे, एकदोन निळे. त्यांच्यामधून एक माणूस फिरत होता. तो एका क्रुसापाशी वाकायचा, हाताने बर्फ झाडून नाव वाचायचा, आणि पुढच्याकडे जायचा.

त्याला आपल्या बापाची जागा माहीत नव्हती.

तो वरच्या ओळीत शोधत होता, आजा-पणजांच्या. थोरमोद खाली होता, समुद्राकडच्या ओळीत, कारण त्याने तसं सांगून ठेवलं होतं. आल्डिसने खिडकीवर बोटं आपटली. "खाली!" ती ओरडली. "खालची ओळ!" तिच्या श्वासाने काच धुरकटली. ती तिने बाहीने पुसली तेव्हा तो आणखी एका परक्या कबरीपुढे वाकला होता.

मागे दार वाजलं. स्टेनुन बूट चढवत होती. तिच्या हातात फावडं आणि भावाचा कोट होता.

"मीही येते," आल्डिस म्हणाली.

"नको."

"स्टेनुन, निसरडं आहे, मला हात दिलास तर..."

"आज नाही, आई." मुलीने वर पाहिलं नाही. "कार्डं कुठे आहेत?"

"शिवणाच्या डब्यात. खालच्या कप्प्यात."

स्टेनुनने डबा उघडला, रबरबँड लावलेला गठ्ठा काढला आणि कोटाच्या खिशात घातला. दार बंद झालं.

आल्डिस खिडकीशी उभी राहिली. मुलगी उतार चढून गेली, तिने भावाच्या अंगावर कोट टाकला, त्याच्या कोपराला धरून त्याला खालच्या ओळीत आणलं. पाचव्या क्रुसापाशी दोघं थांबली. तिने फावड्याने बर्फ बाजूला केला. तो गुडघ्यांवर बसला.

मागे रेडिओवर पुढच्या जिल्ह्याची नावं सुरू होती. बंद करावा असं आल्डिसला वाटलं, पण त्यासाठी खिडकी सोडावी लागली असती.

तिकडे केटिलचं तोंड हलत होतं. एकच शब्द असावा, तो पुन्हा पुन्हा तोच म्हणत होता. एवढ्या लांबून आणि काचेआडून तिला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तो शब्द तिला माहीत होता. तेरा वर्षं तो शिवणाच्या डब्यात होता.

ऐकलं.